मोडाची नाचणी पावसाळ्यात कशी टिकवाल?

मृग लागण्यापूर्वी आपल्या पनवेल भागात घरोघर पावसाळ्याची बेगमी होते. मसाला, वाल, पापड, सुकी मासळी यांच्या शेजारी मोडाच्या नाचणीचा डबाही असतो. सहा महिन्यांवरील बाळाची पेज आणि म्हाताऱ्या माणसांची आंबील त्यातूनच होते. पण श्रावणात डबा उघडावा, तर कुबट वास येतो. असे का होते?

मोड येताना दाण्यातील पिठूळ भागाची थोडी साखर होते. म्हणूनच पेज गोड लागते व पचायला हलकी जाते. परंतु असा दाणा ठिसूळ होतो आणि हवेतील ओल ओढतो. शिवाय ही गोडी कीड आणि बुरशी यांनाही आवडते. परदेशात जवाला मोड आणून माल्ट करतात. तेथेही दाणे भट्टीत वाळवून मोडाच्या मुळ्या झाडून टाकतात, कारण या मुळ्या ओल फार लवकर शोषतात.

एका वर्षी आमच्याच घरी भाजलेली नाचणी गरम असतानाच डब्यात भरली गेली. झाकणाला आतून घाम आला आणि महिन्याभरात दाण्यांवर बुरशी धरली. नातवासाठी केलेली सगळी नाचणी उकिरड्यात पुरावी लागली. तेव्हापासून आम्ही पुढील काळजी घेतो.

हे काम एप्रिल-मे महिन्यांत, कडक उन्हात करावे. निवडून धुतलेली नाचणी रात्रभर भिजवावी. पाणी निथळून ती फडक्यात बांधावी. दीड दिवसात बारीक मोड येतात. मोड फार लांबू देऊ नयेत. दाणे पातळ पसरून २ ते ३ दिवस वाळवावेत व संध्याकाळी घरात घ्यावेत. वाळल्यावर हातांनी चोळून सुपात पाखडावे, म्हणजे मोड झडतात. मग मंद विस्तवावर भाजून पूर्ण निववावेत.

दाणा वाळला की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे व चमचाभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर आणखी ऊन द्यावे.

सर्व नाचणी एकदम दळू नये. अख्खा दाणा पिठापेक्षा जास्त टिकतो. पंधरा दिवसांपुरतेच पीठ दळून आणावे. डबे धुऊन, उन्हात तापवून, निवल्यावर घट्ट झाकणाचेच वापरावेत. दाणे २-२ किलोंच्या लहान डब्यांत भरावेत, म्हणजे एक डबा उघडला तरी बाकीचे बंद राहतात. डबे फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावेत. चुलीवरच्या फळीवर ठेवू नयेत, तेथे वाफ लागते. पीठ कोरड्या चमच्यानेच काढावे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या या डब्यांत घालू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून जीवघेणा वायू सुटतो. तसेच बुरशी आलेली नाचणी धुऊन, भाजून वापरू नये. काही बुरशींचे विष भाजल्याने जात नाही. ती गुरांना, कोंबड्यांनाही घालू नये.

भगिनींनो, नाचणीत चुना भरपूर असतो आणि बाळाच्या हाडांना तो हवाच. उन्हाळ्यातील चार दिवसांची मेहनत पावसाळाभर बाळाच्या वाटीत उतरावी, एवढ्यासाठी ही काळजी घ्यावी.