वकिलाच्या नोकरीला कायद्याचे कवच नाही

मालवण, प्रतिनिधी : मुलगा किंवा मुलगी मुंबईतील बड्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये रुजू झाली, की मालवणात ‘नोकरी लागली’ असेच सांगितले जाते. कायद्याच्या भाषेत ती बहुधा नोकरी नसतेच. कपातीची वेळ आली की हा फरक महागात पडतो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार, वकिली करणाऱ्या व्यक्तीला कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे फर्म तरुण वकिलांना सहसा ‘असोसिएट’ म्हणून करारावर घेतात. दरमहा मिळते ती व्यावसायिक फी. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा लाभ बहुधा नसतो.

कंपन्यांची विलीनीकरणे आणि भागविक्री हे या फर्मचे मुख्य काम. बाजार थंडावला की तेही आटते. लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये लेथम अँड वॉटकिन्स या अमेरिकी फर्मने १९० असोसिएट आणि २५० अन्य कर्मचारी कमी केल्याचे एकाच दिवशी जाहीर केले होते.

आपल्याकडे गंमत अशी, की फर्ममधील कारकुनाची बाजू वकिलापेक्षा भक्कम आहे. मुंबईतील एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांच्या बोनसच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये अशी फर्म ‘उद्योग’ नसल्याचे ठरवले होते. वकिलाची सेवा त्याच्या वैयक्तिक बुद्धीची, कारकून-टंकलेखकांचा तीत थेट वाटा नाही, असा तो युक्तिवाद. १९७८ मध्ये ‘बंगलोर वॉटर सप्लाय’ खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो फेटाळला. नाममात्र नोकर असलेली छोटी कार्यालये तेवढी वगळली. मोठ्या फर्ममधील कारकुनाला त्यामुळे औद्योगिक कायद्याचा दरवाजा उघडला. कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देण्याची तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे.

वकील मात्र बाहेरच. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये म्हटले होते, की शाळा उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. त्याच तर्काने वकिलालाही कामगाराच्या व्याख्येत बसवणे कठीण आहे.

उरतो तो करारनामा. नोटिशीचा कालावधी आणि थकीत फीचा हिशेब त्यात स्पष्ट आहे का, हे सही करण्यापूर्वीच पाहावे लागते. नंतर वाद घालण्यास फारसा आधार राहत नाही. एक दिलासा आहे. फर्म सोडल्यावर अन्यत्र वकिली करू नये, अशी अट घातली असली तरी करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे ती सहसा टिकत नाही.

गावी परतणाऱ्यांसाठी चित्र थोडे बदलले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतो. वरच्या न्यायालयातील कामासाठी मुंबईतच राहण्याची गरज त्यामुळे कमी झाली. उत्पन्नाचा प्रश्न वेगळा. ग्रामीण भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्याला ही रक्कम तुटपुंजी, आणि तीही केवळ शिफारस, सक्ती नाही.