टाचदुखी: घरचे उपाय आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा जाणवते. टाचदुखीचे हे नेहमीचे रूप. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला जाड पट्टा पावलाची कमान तोलून धरतो. सततच्या ताणाने तो टाचेपाशी दुखावतो. याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

चाळिशी ते साठीच्या वयात, वजन जास्त असल्यास किंवा पोटऱ्या आखडलेल्या असल्यास हा त्रास अधिक होतो. बंगळुरूच्या जयनगरात घरातल्या टणक फरशीवर अनवाणी वावरणे, फोर्थ ब्लॉकच्या बाजारात दिवसभर दुकानात उभे राहणे, लालबागेतल्या फेऱ्या एकदम वाढवणे, हे सगळे टाचेवर भार टाकते. एक्स-रेत ‘हाड वाढलेले’ दिसले म्हणून घाबरू नये. असे टोक न दुखणाऱ्या टाचेतही आढळते.

उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. उठण्यापूर्वी पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे नडगीकडे ओढावीत, तळव्यात ताण जाणवला की दहापर्यंत मोजावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून, मागच्या पायाची टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी आणि दुखणे कमी होईपर्यंत पळणे थांबवावे. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पंधरा मिनिटे शेकावे; मधुमेहामुळे पाय बधिर असल्यास बर्फ टाळावा. बहुतेकांना आराम पडतो, मात्र त्याला काही महिने, कधी वर्षही लागते.

काही आठवड्यांत फरक न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जयनगर पूर्व भागात राज्य सरकारची संजय गांधी ट्रॉमा व अस्थिरोग संस्था आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन तात्पुरता आराम देते, पण त्याने पट्टा फाटण्याचा धोका असतो; म्हणून ते पहिला उपाय म्हणून घेऊ नये.

पडल्यावर पाय टेकवत नसेल, टाचेमागे ‘कट्’ आवाज होऊन पाय लुळा वाटला, टाच सुजून लाल झाली व ताप आला, किंवा मधुमेही व्यक्तीच्या पायाला जखम झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री झोपेतही ठणका लागणे, मुंग्या येणे आणि तरुणांमध्ये टाचेसोबत सकाळी कंबर आखडणे, यांचीही तपासणी लांबवू नये.