खर्चीचे कापड

ज्याच्याजवळ माग आहेत परंतु सूत विकत घेण्याइतके भांडवल नाही असा एक, आणि ज्याच्याजवळ सूत आहे परंतु माग चालविण्याची उस्तवार अंगावर घेण्याची ऐपत नाही असा दुसरा, या दोघांची गाठ ज्या व्यवहारात पडते त्याला इचलकरंजीत खर्ची म्हणतात. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला ते विणून कापड परत करतो आणि ठरलेली मजुरी घेतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, मधले कसब तेवढे विणणाऱ्याचे. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढे पंचगंगेकाठी जी वस्त्रनगरी उभी राहिली तिच्या वाढीत थोडक्या मागांच्या लहान कारखान्यांचा वाटा फार मोठा आहे. माझा स्वतःचा एकही माग नाही. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मागांवर कापड विणवून घेत आलो आहे, आणि लहान धंदेवाल्याने कोणते काम बाहेर द्यावे व कोणते स्वतःच्या हातचे सोडू नये, याविषयी मला जे काही कळले ते या खर्चीच्या व्यवहारातच कळले.

पोत्यांतून आलेले सुताचे कोन प्रथम सायझिंगमध्ये जातात. तेथे ताणा ओढला जातो, त्याला खळ चढते आणि बीम भरते. मग वहिफणीवाला त्या बीमचे दोन-तीन हजार तार, एकेक करून, वहीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवीत बसतो. हे काम मी लहानपणी तासन्‌तास पाहत उभा राहत असे, आणि आजही त्या बोटांपुढे मला आदराने थांबावेसे वाटते. कांडीवाला बाण्याच्या कांड्या भरतो, माग बिघडला तर जॉबर तो जुळवितो, दिवाणजी मीटर आणि मजुरी मांडून ठेवतो, आणि विणलेला तागा घडीसाठी व तपासणीसाठी पुन्हा वेगळ्याच ठिकाणी जातो. यांतले प्रत्येक काम ज्याला आयुष्यभराच्या सरावाने साधले आहे त्याच्याकडे ते सोपविण्यात कमीपणा नाही. उलट ही सारी कामे आपल्याच छपराखाली ओढून आणण्याच्या हौसेपायी कर्जात बुडालेली घरे मी पाहिली आहेत.

परंतु सोपविलेल्या कामाचे माप दोघांनाही सारखेच दिसले पाहिजे, आणि या बाबतीत आमच्या धंद्याची रीत मला फार शहाणपणाची वाटते. बाण्याचा एक धागा म्हणजे एक पीक. कापडाच्या एका इंचात अशी किती पिके बसली त्यावर मजुरी ठरते. समजा, पिकामागे ६ पैसे दर ठरला आणि कापड ५२ पिकांचे असले, तर मीटरमागे मजुरी ३ रुपये १२ पैसे झाली. कापडावर पितळी भिंग ठेवायचे आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे. व्यापाऱ्याने मोजले तरी ५२ आणि खर्चीवाल्याने मोजले तरी ५२. ज्या कामाचे असे मोजमाप आधी ठरविता येत नाही, ते बाहेर देण्यापूर्वी मी नमुना विणवून घेतो, त्यावर दोघांच्या सह्या करतो आणि त्याचा अर्धा तुकडा त्याच्याकडे व अर्धा माझ्याकडे ठेवतो.

वजनाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. दिलेल्या सुताचे वजन आणि परत आलेल्या कापडाचे वजन जुळले म्हणजे सारे ठीक, असा नवख्याचा समज असतो. पण ताण्याच्या सुतावर खळीचे वजन चढलेले असते, आणि ते वजा केल्याशिवाय घट किती झाली हे कळत नाही. आकडे तंतोतंत जुळले तरच खरे तर चौकशी करावी. ही वजाबाकी ज्या व्यापाऱ्याला स्वतः मांडता येत नाही त्याने, निदान ती शिकेपर्यंत, सूत उंबऱ्याबाहेर पाठवू नये.

बारा वर्षांपूर्वीची एक चूक येथे सांगणे मला कर्तव्य वाटते. एका खर्चीवाल्याकडे मी बाण्यासाठी एकाच काउंटचे, परंतु दोन निरनिराळ्या लॉटचे सूत एकाच चलनावर पाठविले. चलनावर वजन लिहिले, पोत्यांची संख्या लिहिली, लॉट नंबर तेवढा लिहिला नाही. कोरे कापड आले ते निर्दोष. पण रंगाई होऊन आले तेव्हा गडद निळ्या रंगावर, बोट-बोट रुंदीचे, फिकट आडवे पट्टे उमटले होते, कारण दोन्ही लॉटच्या सुताने रंग सारखा घेतला नव्हता. संतापाच्या भरात मी त्या माणसाची मजुरी अडवून धरली. आठ दिवसांनी चलनाची माझ्याकडील प्रत काढून पाहिली, आणि दोष कोणाचा हे माझ्याच अक्षरात माझ्यापुढे आले. मी त्याच्या कारखान्यात जाऊन क्षमा मागितली आणि मजुरी चुकती केली. तेव्हापासून चलन लिहिण्याचे काम मी कोणाकडेही सोपविलेले नाही.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ज्या लिज्जत पापडाचा आरंभ केला, त्या उद्योगाकडे मी याच दृष्टीने पाहतो. तेथे लाटण्याचे काम घरोघर जाते, पण पीठ मळले जाते ते केंद्रावर. भगिनी मळलेला गोळा घरी नेतात, लाटून वाळविलेले पापड परत आणतात, आणि ते पाहून-तपासून घेतल्यावर लाटणावळ हातात पडते. काम हजारो घरांत वाटले गेले, परंतु चव जेथे ठरते तो गोळा आणि परत आलेल्या पापडावर फिरणारी नजर संस्थेने आपल्याकडेच ठेवली.

कायद्यानेही या व्यवहाराचे दस्तऐवज ठरवून दिले आहेत. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला प्रक्रियेसाठी माल कर न भरता चलनावर पाठविता येतो. त्या चलनाच्या तीन प्रती कराव्या लागतात, आणि कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर, ज्या दिवशी तो बाहेर पडला त्या दिवसापासूनच तो विकला गेला असे धरले जाते. विवरणपत्रे भरण्याचे काम कर सल्लागाराकडे द्यावे, मीही दिले आहे. मात्र पासवर्ड आणि बँकेची चावी आपल्याजवळ असावी, व जे विवरणपत्र जाईल ते जाण्यापूर्वी आपण वाचलेले असावे.

राहिला मजुरी चुकती करण्याचा प्रश्न. लहान उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योजकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली की बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याने चक्रवाढ होणारे व्याज लागू होते. तरीही येणे मागायला खर्चीवाला बिचकतो, कारण पुढचे बीम त्याला याच पेढीवरून मिळायचे असते. त्याच्या या संकोचाचा फायदा घेऊन महिनोन्‌महिने पैसे वापरणारे व्यापारी मी पाहतो, आणि हे वर्तन मला सरळ अन्यायाचे वाटते. त्याच्या मागांवरच्या कामगारांना दिवाळीला बोनस द्यायचा असतो, आणि तो बोनस आमच्याकडे अडकलेल्या मजुरीतूनच निघायचा असतो.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी हिशेब चुकता करण्यासाठी एका कारखान्यात गेलो होतो. दिवाणजी पाकिटांवर नावे घालीत होते, सुटीवर गावी निघालेल्या कामगारांच्या पिशव्या भिंतीशी रांगेने ठेवल्या होत्या, आणि दोन माग अजून चालू होते. पैसे मोजून होईपर्यंत तेही थांबले. मी खिशातले भिंग काढून ताग्यावर ठेवले आणि मालकाला म्हटले, ‘‘तुम्हीच मोजा.’’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकविला, सुई घेतली आणि हळूहळू ओठ हलवीत बावन्नापर्यंत मोजले.