खेळाडूंची कार्डे

टपालाची तिकिटे जमवणारी मुले तुम्ही पाहिली असतील. काही मुलांना खेळाडूंची कार्डे जमवण्याचा छंद असतो. छंद म्हणजे उर्दूतला शौक.

ही कार्डे आधी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून निघाली. पाकीट मऊ असे. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यात जाड कागद घालत. पुढे त्या कागदावर चित्रे छापू लागले. सिगारेट वाईटच, पण चित्रे मुलांना फार आवडली!

आपल्याकडे १९९० च्या आसपास ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. त्यांवर धावांचे आकडे असत. ठरलेल्या धावा जमल्या की कार्डे देऊन बक्षीस घ्यायचे. खरी अडचण इथेच येई. आवडत्या खेळाडूचे कार्ड देऊन बक्षीस घ्यावे, की बक्षीस सोडून कार्ड ठेवावे?

एकच कार्ड दोनदा आले, तर मुले अदलाबदल करतात. जितेश शर्मा अमरावतीचा. तो २०२३ मध्ये भारताकडून खेळला. त्याच्या कार्डासाठी अमरावतीचा मुलगा दोन कार्डे देईल. मुंबईचा कदाचित एकही देणार नाही.

दुर्मीळ कार्डाला किंमत फार. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे १९०९ ते १९११ या काळातले कार्ड थोडेच छापले गेले. त्यातले एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकले गेले. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे १९८६ चे कार्डही लोक शोधतात. मात्र कोपरे दुमडलेले असले, की किंमत घटते. डिंकाने वहीत चिकटवलेले कार्ड तर कोणी बदलूनही घेत नाही.