एट्रुस्कन चित्रकुंभ आणि त्यांतील यमदूत

इटलींत टायबर व आर्नो या नद्यांमधील प्रदेशांत, रोमच्या उत्कर्षापूर्वीं, एट्रुस्कन लोकांचीं संपन्न नगरें नांदत होतीं. त्यांचे धर्मग्रंथ काळानें गिळले. ईजिप्तमधील एका ममीच्या कापडी पट्ट्यांच्या रूपानें बचावलेलें एक विधिपुस्तक झाग्रेब येथें आहे. तोच काय तो मोठा अपवाद. तेव्हां या लोकांच्या परलोकविषयक कल्पना जाणण्यास त्यांच्या थडग्यांतील भित्तिचित्रांकडे व मातीच्या भांड्यांकडेच वळावें लागतें.

परंतु ही साक्ष पारखून घ्यावी लागते. एट्रुस्कन थडग्यांतून निघालेलीं चित्रित भांडीं प्रथम सरसकट एट्रुस्कनच समजलीं गेलीं. इंग्लंडांत जोसाया वेजवुड यानें १७६९ सालीं काढलेल्या कारखान्यास 'एट्रूरिया' हें नांव दिलें, तें याच समजुतीनें. त्यांतील पुष्कळशीं उत्तम भांडीं अथेन्सहून आलेलीं होतीं, हें मागाहून सिद्ध झालें. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या अखेरीस ही आयात रोडावली आणि काळ्या भूमीवर तांबड्या आकृति सोडण्याची अथेन्सची रीत स्थानिक कारागीर अधिक प्रमाणांत चालवूं लागले.

व्हुल्ची येथें सांपडलेला व आतां पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहांत असलेला चौथ्या शतकांतील एक कुंभ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कथा ग्रीकांची: अल्सेस्टिस राणी आपला पति अ‍ॅडमेटस याच्याऐवजीं स्वतः मरण पत्करते. पतिपत्नी एकमेकांस मिठी घालून उभीं आहेत. शेजारीं त्यांचीं नांवें एट्रुस्कन लिपींत आहेत. दोहों बाजूंस मात्र दोन यमदूत आहेत. एकाच्या हातांत हातोडा, दुसऱ्याच्या हातांत सर्प. हे एट्रुस्कनांचे स्वतःचे.

हातोडेवाला तो खारुन. नांव ग्रीकांच्या खारोनावरून आलेलें. पण तो मृतात्म्यांस पैलतीरीं नेणारा नावाडी, तर हा थडग्यांच्या भिंतींवर पुष्कळदां दाराशीं पहारा करणारा. त्याच्या जोडीला कधीं पंख असलेली व्हान्थ मशाल धरून असते. उसन्या कथेंत एट्रुस्कन मनानें आपलें मरण असें रेखाटलें.

ही साक्ष आज तोकडी आहे, ती माणसाच्या हव्यासामुळें. व्हुल्चीचीं थडगीं उकरतांना, बाजारांत मोल न येणारीं साधीं काळीं भांडीं मजूर पायांखालीं चिरडीत असल्याचें जॉर्ज डेनिस यानें आपल्या १८४८ च्या ग्रंथांत नोंदविलें आहे. रंगविलेले कुंभ वांचले. परंतु त्यांतले कितीएक कोणाच्या उशाशीं, कोणत्या वस्तूंच्या सोबतीनें ठेविले होते, तें सांगणारा पुरावा त्या खापरांबरोबर मातीस मिळाला.