दोन नाथांची वारी

होळी पौर्णिमा सरली की आमच्या उमापुरात घरोघरी पंचांग खाली काढले जाते. रब्बीची ज्वारी खळ्यावर आलेली असते, उन्हाचा ताव वाढू लागलेला असतो, आणि पौर्णिमेपासून पाडव्यापर्यंतच्या अवघ्या पंधरवड्यात दोन मोठ्या यात्रा येतात. जपानात क्योतो आणि नारा येथील मंदिरांच्या दर्शनास वसंतात निघणारी मंडळी चेरीची फुले केव्हा उमलतील याचे भाकीत पाहून प्रवासाचे दिवस ठरवतात. थंडी लांबली की फुलेही लांबतात आणि ठरलेला बेत फसतो. आम्हां गेवराई तालुक्यातील लोकांची अडचण याहून निराळी आहे. आमच्या तिथी ठरलेल्या आहेत, परंतु त्या एकमेकींना अगदी खेटून आहेत.

फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजेच रंगपंचमी, हा मढीच्या श्रीकानिफनाथांचा समाधिदिन मानला जातो. दुसऱ्याच दिवशी पैठणची श्रीनाथषष्ठी. मढी आमच्या पश्चिमेस, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात. पैठण उत्तरेच्या अंगास, गोदातीरी. आमच्या वडिलांचे घराणे नवनाथांना मानणारे, तर मातोश्रींचे माहेर वारकरी. त्यामुळे घरात दोन्ही नाथांचा सारखाच मान. मातोश्रींनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. एकाच साली दोन्ही नाथांच्या पायांवर डोके टेकवावे, ही त्यांची इच्छा फार दिवसांची आहे.

गेल्या वर्षी आम्ही तो प्रयत्न केला आणि फसलो. पंचमीस पहाटे निघून, शेवगाव, अमरापूर, तिसगाव या वाटेने मढी गाठावी, दुपारी गड उतरावा आणि रात्री पैठणास मुक्काम करावा, असा आमचा हिशेब होता. कागदावर तो सुरेख दिसत होता. प्रत्यक्षात गडाच्या पायऱ्यांवरच दिवस मावळला. गर्दीत मातोश्रींचा पाय मुरगळला, आणि षष्ठीचा सूर्य उगवला तेव्हा आम्ही शेवगावात एका नातलगांच्या ओसरीवर त्यांचा पाय शेकत बसलो होतो. त्या काही बोलल्या नाहीत. पैठणच्या रांजणात ओतण्यासाठी घेतलेला तांब्याचा तांब्या त्यांनी तेवढा पदराखाली झाकून ठेवला.

हा रांजण ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगावयास हवे. प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्याच्या रूपाने नाथांच्या घरी पाणी भरले अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ तुकाराम बीजेपासून नाथवाड्यातील रांजण भाविक भरू लागतात. कितीही पाणी ओतले तरी देवाची कावड आल्यावाचून तो भरून वाहत नाही, असे मानतात. षष्ठीचे महत्त्वही असेच. श्रीजनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, एकनाथांना स्वामींकडून मिळालेला अनुग्रह, स्वामींचे निर्वाण आणि शके १५२१ मध्ये, म्हणजे इ. स. १५९९ साली, नाथांनी गोदावरीत घेतलेली जलसमाधी, ही पाचही पर्वे परंपरेने याच तिथीची सांगितली जातात. नाथवाडा गावात आणि समाधिमंदिर गावाबाहेर नदीकाठी आहे. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी या दोहोंमधील चाल ध्यानात धरावी. आम्ही ती एकदा विसरलो होतो. उत्सवाची सांगता अष्टमीस काल्याने होते.

यंदा बेत आखावयास बसलो तेव्हा घरात दोन तट पडले. धाकट्या बंधूंचे म्हणणे, मढी सोडावी. मातोश्रींना ते मुळीच मान्य नव्हते. अखेर वाट दाखवली ती शेजारच्या एका जुन्या कावडकऱ्यांनी. ते म्हणाले, "अहो, मढीची यात्रा पंचमीला संपते कुठे? ती पाडव्यापर्यंत चालते. आम्ही तर पैठणचंच पाणी कावडीनं नेतो आणि अवसेला कानिफनाथांना घालतो."

वर्षानुवर्षे या कावडी आमच्या डोळ्यांदेखत जात होत्या, आणि आम्ही मात्र पंचमीच धरून बसलो होतो! गोदावरीचे जे पाणी एका नाथांनी आपली काया अर्पून पावन केले, तेच दुसऱ्या नाथांच्या समाधीवर जाते. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो हे सर्वश्रुत आहे. काशीहून रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणारे नाथ पैठणचे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून मातोश्री हसल्या आणि म्हणाल्या, "मग आधी पैठणच."

यंदाचा बेत तो असा. षष्ठीस पैठण, तेही पंचमीच्या सायंकाळीच पोहोचून. धरणातून पाणी सोडलेले असेल तर पहाटे घाटावर स्नान, नाही तर मुक्कामीच. मग रांजण, समाधीचे दर्शन, आणि अष्टमीचा काला पाहून परत. गोदेचे पाणी एका कळशीत भरून देवघरात ठेवावयाचे. मधल्या दिवसांत ज्वारीची मळणी उरकेल आणि मातोश्रींच्या पायांसही विसावा मिळेल. अमावास्येस मढी. अमावास्येचा प्रवास टाळावा असे आमच्या मावशींचे मत पडले. त्यावर देवाच्या दारी जाताना अवस कसली, असे उत्तर त्यांना घरातूनच मिळाले. ऊन चढण्याआधी गड चढून उतरावयाचा, रेवड्यांचा प्रसाद घ्यावयाचा आणि दिवस मावळण्याच्या आत उमापूर गाठावयाचे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गुढी उभारावयाची आहे.

ज्यांच्या घरी अशीच दोन नाथांची ओढ असेल त्यांनी एवढे मात्र करावे: निघण्यापूर्वी पंचांगात तिथीचा क्षय वा वृद्धी पाहून घ्यावी. गावातील कुणाची मोटार भाड्याने ठरवावयाची तर ती आधीच सांगून ठेवावी. ऐन यात्रेत मिळत नाही. आमची ठरली आहे. तांब्या चिंचेने घासून मातोश्रींनी कालच पिशवीत ठेवला.