प्लेस्टेशन ५ स्वस्त व्हायलाच हवा

कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, हा गेमिंगच्या धंद्यातला जुना शिरस्ता. सोनीचा प्लेस्टेशन २ ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकेत आला तो 299 डॉलरला. दीड वर्षात तो 199 वर आला, 2004 मध्ये 149 वर आणि 2009 मध्ये थेट 99 डॉलरवर. पहिल्या दिवशी ज्यांना परवडला नाही, त्यांच्या घरी तो उशिरा का होईना, पोहोचला.

प्लेस्टेशन ५ ने हा शिरस्ता मोडला. 2020 मध्ये 499 डॉलरला आलेल्या या कन्सोलची अमेरिकेतली किंमत ऑगस्ट 2025 मध्ये 50 डॉलरने वाढली. जपानमध्ये सुरुवातीला करासह 54,978 येनांना मिळणारं डिस्कवालं मॉडेल सप्टेंबर 2024 मध्ये 79,980 येनांवर गेलं. भारतात फेब्रुवारी 2021 मध्ये हेच मॉडेल 49,990 रुपयांना आलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 54,990 रुपयांचं झालं.

पूर्वी किंमत का उतरायची?

याचं उत्तर चिपमध्ये आहे. 2006 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मधला 'सेल' प्रोसेसर 90 नॅनोमीटर तंत्रज्ञानावर बनायचा. 2009 च्या स्लिम मॉडेलमध्ये तो 45 नॅनोमीटरवर आला. चिप लहान झाली की सिलिकॉनच्या एका वेफरमधून जास्त नग निघतात. ती वीज कमी खाते, कमी तापते. मग पंखा लहान चालतो, पॉवर सप्लाय लहान चालतो, खोकं हलकं होतं आणि वाहतुकीचा खर्चही घटतो. सुरुवातीला 599 डॉलरपर्यंत किंमत असलेला प्लेस्टेशन ३ तीन वर्षांत 299 डॉलरला मिळू लागला, त्यामागे हा सगळा हिशेब होता.

प्लेस्टेशन ५ ची चिप मात्र 7 नॅनोमीटरवरून जेमतेम 6 वर आली. चिप लहान करणं आता महागडं काम झालं आहे आणि त्यातून पूर्वीइतकी बचत होत नाही. त्यात घसरलेला येन आणि अमेरिकेचं आयातशुल्क यांची भर पडली. कंपनीची ही अडचण खरी आहे.

मग कपात कशासाठी?

कंपनी किंमत कधी कमी करते, हे निन्टेन्डोच्या 3डीएसने दाखवून दिलं. फेब्रुवारी 2011 मध्ये जपानात 25,000 येनांना आलेलं हे यंत्र अपेक्षेइतकं खपेना, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ते 15,000 येनांवर आणलं गेलं. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आधी पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकांना 20 जुने गेम मोफत दिले. पुढे 3डीएस साडेसात कोटींच्या वर खपला.

सोनीवर आज तशी वेळ आलेली नाही. सप्टेंबर 2025 पर्यंत प्लेस्टेशन ५ चे आठ कोटींहून जास्त नग बाजारात गेले. खप चांगला असताना दर का पाडायचा, हा प्रश्न कंपनीच्या बाजूने रास्तच आहे. पण आतापर्यंतचे ग्राहक प्रामुख्याने ऐपत असलेले किंवा गेमिंगचे दर्दी होते. उरलेल्यांसाठी अडसर किमतीचाच आहे.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहा. नोव्हेंबर 2022 च्या भावाने डिस्क मॉडेल 54,990 रुपये, भावंडांसाठी दुसरा कंट्रोलर 5,990 आणि एक नवा मोठा गेम 4,999. झाले 65,979 रुपये. डिजिटल मॉडेल स्वस्त पडतं, पण वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडल्याशिवाय त्यात डिस्क चालत नाही. म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनी डिस्क आणायची, खेळून झाली की विकायची किंवा मित्राशी अदलाबदल करायची, ही काटकसरीची वाटच बंद होते. सुरुवातीला वाचवलेले पैसे दोन-चार गेममध्ये निघून जातात.

आणि मनात आणलं तर सोनीला जमतं. नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने फक्त जपानसाठी, फक्त जपानी भाषेत चालणारं डिजिटल मॉडेल 55,000 येनांना आणलं. त्याआधी तिथे डिजिटल मॉडेल 72,980 येनांना होतं. घरच्या ग्राहकाला किंमत झेपत नाही, हे ओळखून उचललेलं हे पाऊल आहे. कन्सोलवर थोडं सोडलं तरी पुढे प्रत्येक गेममागे, प्रत्येक वर्गणीमागे कंपनीला वाटा मिळतोच. जपानला लावलेला हा न्याय भारतालाही लावायला हवा. सणासुदीला चार दिवस सूट देण्यापेक्षा डिस्क मॉडेलची किंमत कायमची उतरवावी.

तोवर वाचकांनी घाई करू नये. छापील किमतीला घेऊ नका, सणाच्या सवलतीची वाट पाहा आणि घ्यायचाच झाला तर डिस्क चालणाराच कन्सोल घ्या.